प्रवासाची पत्रं : लेचवर्थच्या दरीकाठी

मागच्या अंकात नायगाराच्या वाटेवरच्या लेचवर्थ स्टेट पार्कबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात जेनेसी नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिनं सतरा मैल लांबीची खोल दरी कोरली आहे, कडे काही ठिकाणी ६०० फुटांपर्यंत उंच. दरी, तिच्यातले तीन मोठे धबधबे आणि दोन्ही काठांचं जंगल मिळून हे उद्यान. मी रॉचेस्टरला राहायला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. घरून लेचवर्थ गाडीनं तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे पाहुणे आले की तिथं जाणं ठरलेलं, आणि पाहुणे नसले तरी जाणं होतंच.

आम्ही दोघं सप्टेंबरअखेरीस मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय. तो नायगारा दाखवणार आहे आणि वाटेत लेचवर्थ करू म्हणतोय. ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, मला चढण सोसत नाही. नायगारा बघणारच आहोत तर मुद्दाम वाट वाकडी करून दुसरा धबधबा बघण्यात अर्थ आहे का? — एक आजी, डोंबिवली

काकू, जरूर बघा. फक्त "वाटेत करू" हे मुलाच्या डोक्यातून काढून टाका. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूनं निघालात तर पाच तास सहज लागतात. पाच तास बसून आलेल्या माणसाला धबधब्यासमोर उभं करून वीस मिनिटांत परत गाडीत घातलं, तर त्याच्या लक्षात फक्त बाथरूम कुठं होतं तेवढंच राहतं. एका सहलवाल्यांच्या बसमधून आलेल्या माझ्या मावशीचं अगदी असंच झालं होतं. रात्री जेनेसिओ किंवा माउंट मॉरिस गावात मुक्काम करा, दुसरा अख्खा दिवस लेचवर्थला द्या आणि संध्याकाळी नायगाराकडे निघा. तिथून पुढे दीड-पावणेदोन तासच आहेत.

आता गुडघ्यांचं. पार्कच्या दक्षिणेकडच्या पोर्टेजव्हिलच्या दारानं आत शिरा. वरचा आणि मधला धबधबा त्याच टोकाला आहेत. मधला सर्वांत मोठा, १०७ फुटांचा, आणि त्याच्यासाठी एकही चढ चढावा लागत नाही. गाडी लावायची, सपाट वाटेनं कठड्याशी जायचं. ऊन असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. शेजारीच जे पांढरं जुनं घर आहे त्याचं नाव 'ग्लेन आयरिस', आणि आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवी. घरमालकाला नाव सुचायला लांब जावं लागलं नसणार. तिथून गाडीनं थोडं पुढे 'इन्स्पिरेशन पॉइंट' आहे. तिथून वरचा धबधबा, मधला धबधबा आणि मागचा रेल्वेचा पूल एका नजरेत दिसतो. खालच्या धबधब्याला मात्र जाऊ नका. सव्वाशेच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढून यायच्या. मुलगा आणि सून जाऊन येतील, तुम्ही वर बसा.

नायगारा आणि हा, दोन्ही निराळे. नायगाराला पाणी बघायचं. लेचवर्थला पाण्यानं काय केलं ते बघायचं. दरीच्या भिंतीत काळसर शेल आणि फिकट वालुकाश्म यांचे थर एकावर एक असे बसलेत, की मला चिरोट्याचे पदर आठवतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा समुद्राचा तळ होता. हिमयुगातल्या गाळानं नदीची जुनी वाट बुजली आणि तिला या खडकातून नवी काढावी लागली. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, त्याचे थर जाड आणि राकट. हे पदर पातळ, कडेनं कुरतडलेले.

माझे बाबा २०११च्या ऑक्टोबरात आले होते, तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघ्याला पट्टा. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी त्यांना धबधबा दाखवत होते आणि ते दगडी कठडा बघत होते. तळहात फिरवला, सांध्यातून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गवंडी कामाचा होता." मी सांगितलं की यातलं बरंच काम १९३३ नंतरच्या मंदीत बेकार तरुणांनी केलंय. सरकारनं त्यांची पथकं उभारली, पार्कातच त्यांच्या छावण्या होत्या. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी पाठवायचे. बाबा कठड्यावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडणाऱ्यांची हजेरी घ्यायचे. कुठल्या कामावर किती बाया होत्या, सावलीला झोळीत पोरं कशी टांगलेली असायची, एकीचा हात हातोडीखाली कसा आला, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. चाळीस वर्षांत घरी कधी बोलले नव्हते. म्हणून म्हणते काकू, गुडघे दुखत असले तरी चालेल, काकांना त्या कठड्यावर नुसतं बसू द्या.

एक सूचना मुलासाठी. पार्क नदीच्या दोन्ही काठांना आहे आणि मधे कुठंही गाडीसाठी पूल नाही. फोनच्या नकाशात नुसतं 'लेचवर्थ' टाकलंत तर कधी कधी पूर्वेच्या काठावर नेऊन सोडतो, मग मोठा वळसा पडतो. दाराचं नाव टाका. दरीत फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

माझ्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आहे. तो दाखवल्यावर दारावरच्या मुलीनं "इथं चालत नाही" म्हणून पैसे घेतले. हे बरोबर आहे का? — पिट्सबर्गहून एक वाचक

तिनं बरोबर सांगितलं. तुमचा पास केंद्र सरकारच्या उद्यानांचा. स्टेट पार्क राज्याचं असतं, त्याचा पैसा आणि कारभार राज्याकडे. न्यू यॉर्कच्या उद्यानांसाठी 'एम्पायर पास' निराळा मिळतो. वर्षातून एकदाच येणार असाल तर घेऊ नका, हंगामात गाडीमागे दहा डॉलरच्या आसपास पडतात, गाडीत दोघं बसा नाहीतर सहा.

यावरून एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेच्या बाजूचा नायगारासुद्धा स्टेट पार्कच आहे, १८८५ सालचं, देशातलं सर्वांत जुनं. त्याआधी काठावरची जमीन खासगी मालकांकडे होती आणि धबधबा दिसेल अशा जागी उभं राहायलाही पैसे मोजावे लागत. लेचवर्थची गोष्ट याच्या उलट. विल्यम प्रायर लेचवर्थ हा बफेलोचा कारखानदार, घोड्यांच्या साजाचं लोखंडी सामान करणारा. १८५९मध्ये त्यानं मधल्या धबधब्याजवळची जमीन घेतली तेव्हा लाकूडतोड्यांनी ती भुंडी करून टाकलेली होती. त्यानं झाडं लावली आणि लोकांना फिरायला मोकळी ठेवली. पुढे वीज कंपनीला वरच्या अंगाला धरण बांधायचं होतं, तेव्हा त्यानं १९०६ साली हजार एकर राज्याला देऊन टाकले. मरेपर्यंत ग्लेन आयरिसमध्ये राहण्याचा हक्क तेवढा ठेवला. तो १९१० साली गेला. दारावर दहा डॉलर देताना मला वाईट वाटत नाही ते यामुळे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. गर्दी आणि अचानक होणारा आवाज त्याला सहन होत नाही. सहलीला गेलो की अर्ध्यातून परत यावं लागतं आणि लोक बघत राहतात. लेचवर्थला त्याच्यासारख्या मुलांसाठी काही आहे असं ऐकलं. खरं आहे का? — एक आई, मिसिसागा (कॅनडा)

खरं आहे, ताई. तुमचं पत्र वाचलं आणि त्याच आठवड्यात मी मुद्दाम पुन्हा जाऊन ती वाट चालून आले.

हम्फ्री नेचर सेंटरजवळ २०२१च्या ऑक्टोबरात ही पायवाट सुरू झाली, खास स्वमग्न मुलामाणसांसाठी आखलेली. एक मैलाचं वर्तुळ आहे, रस्ता सपाट आणि टणक, व्हीलचेअर जाते. वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं थांबे केलेत. सुरुवातीच्या थांब्यावर पुढे काय काय भेटणार त्याचे नमुने हाताळायला ठेवलेत, म्हणजे साल, दगड, असं काहीबाही, आणि मुलाला जे नको असेल ते आधीच कळतं. एका ठिकाणी लाकडाची वाद्यं आहेत, एका ठिकाणी चढायला-धावायला मोकळी जागा. पण मला सगळ्यांत पटलं ते असं, की वाटेपासून जरा बाजूला, झाडांच्या आडोशाला एकट्यानं बसायच्या जागा आहेत आणि अंगाभोवती घट्ट लपेटून घेणारे झोपाळे आहेत. त्या दिवशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तशा झोपाळ्यात गुरफटून पडली होती, फक्त बूट बाहेर. तिचे वडील दहा पावलांवर झाडाला टेकून उभे. पंधरा-वीस मिनिटं कुणीच कुणाशी बोललं नाही. मग ती उठली, त्यांचा हात धरला आणि दोघं पुढच्या थांब्याकडे गेली.

मंगळवार-बुधवार गाठा, सकाळी दहाच्या आत. मिसिसागाहून निघालात तर सरहद्दीवर किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून आदल्या रात्री येऊन राहिलात तर बरं. मधल्या धबधब्याचा आवाज मोठा आहे. तिथं न्यायचं की नाही ते त्याचा त्या दिवसाचा रागरंग बघून ठरवा. ती वाट तेवढी झाली तरी सहल पूर्ण झाली असं समजा. आणि लोकांचं म्हणाल, तर तिथं कुणी बघत नाही.

आम्ही चार कुटुंबं जुलैत तंबू ठोकून दोन रात्री राहणार आहोत. जेवणाचं काय करावं? लाकडं घरून न्यावीत का? — एक वाचक, फिलाडेल्फिया

लाकडं अजिबात नेऊ नका. प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडून आणायला न्यू यॉर्क राज्यात बंदी आहे. लाकडातून झाडं पोखरणारे किडे पसरतात, आणि इथली ॲशची झाडं त्यापायी किती गेली ते रस्त्यानं जाताना दिसेलच. जवळपास विकत घ्या. जाळीवर कोळशाच्या आचेत वांगी भाजा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घरून न्या, भरीत गॅसवरच्यापेक्षा कितीतरी सरस होतं. सकाळी पोहे, आणि पोळ्या दोन दिवसांच्या करूनच न्या. रात्री खाण्याची एकही पिशवी बाहेर ठेवू नका, रॅकून झाकणंसुद्धा उघडतात.

हायबँक्सच्या छावणीत सुमारे २७० जागा आहेत, तरी जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार फार लवकर भरतात. नऊ महिने आधी आरक्षण उघडतं. चार जागा एकमेकींशेजारी हव्या असतील तर आताच बघा. नदीत पोहायला मनाई आहे. पोरांना पोहण्याच्या तलावात सोडा, किंवा मोठ्यांनी राफ्टिंगला जा. गवतातून आलात की पोटऱ्या, गुडघ्यामागची बाजू आणि पोरांच्या कानामागे गोचीड शोधा. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, हे हलक्यानं घेऊ नका.

संध्याकाळी ग्रेट बेंडच्या कठड्याशी जरूर जा. टर्की व्हल्चर, म्हणजे लाल डोक्याची गिधाडं, दरीतल्या वाऱ्यावर पंख न हलवता घिरट्या घालत असतात, पुष्कळदा आपल्या पायांच्या पातळीच्याही खाली. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं गेली. लहानपणी गावाबाहेर पाहिलेलं हे उडणं मला पुन्हा बघायला मिळालं ते लेचवर्थला. जात वेगळी आहे, कबूल. तरी मी दर वेळी थांबते.

सगळी हयात रेल्वेत काढली. तिथल्या पुलाबद्दल दोन शब्द सांगाल का? — एक निवृत्त वाचक, भुसावळ

काका, वरच्या धबधब्याच्या डोक्यावरून रूळ जातात. पहिला पूल १८५२चा, लाकडी, त्या काळी लाकडी पुलांत सर्वांत मोठा म्हणून नावाजलेला. दरीच्या तळापासून सव्वादोनशेच्या वर फूट उंच. १८७५च्या मेमध्ये तो एका रात्रीत जळून खाक झाला. त्याच्या जागी लोखंडी पूल किती दिवसांत उभा राहिला असेल? ८६ दिवसांत. जुलैअखेरीस गाड्या सुरूसुद्धा झाल्या. त्यानं सव्वाशेच्या वर वर्षं सोसलं, पण अखेरीस मालगाड्यांना बैलगाडीच्या चालीनं जावं लागायचं. २०१७च्या डिसेंबरात शेजारी पोलादी कमानीचा नवा पूल झाला आणि जुना उतरवला. मालगाडी जाताना वरचा धबधबा गाठता आला तर नशीब, पाण्याचा आणि डब्यांचा आवाज एकात एक मिसळतो. रुळांवर मात्र कुणी पाऊल टाकू नये, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.

नातवाला घेऊन जाणार आहोत. त्याला तिथले रेड इंडियन बघायचे आहेत. दुसरं, तिथं मेरी जेमिसन नावाच्या बाईचा पुतळा आहे असं वाचलं. तिला पळवून नेलं होतं ना? मग पळवून नेणाऱ्यांच्या पोशाखात तिचा पुतळा कशाला? — नागपूरहून एक आजोबा

आजोबा, हे पत्र आल्याचा मला फार आनंद झाला. लेचवर्थला येणारी बहुतेक माणसं धबधब्यांचे फोटो काढतात आणि हा पुतळा ज्या टेकडीवर आहे तिथं येतच नाहीत.

आधी नातवाचं. त्याला 'रेड इंडियन' हा शब्द सोडायला सांगा. कोलंबस वाट चुकला त्याचं ओझं या लोकांनी का वाहावं? हे सेनेका लोक. हौदेनोशौनी म्हणजे सहा राष्ट्रांचा जो संघ, त्याच्या पश्चिम दाराचे हे रखवालदार. आणि ते "होते" असं नाही, आहेत. याच राज्यात त्यांच्या स्वतःच्या जमिनी आहेत, त्यांचं सरकार आहे. ग्लेन आयरिसच्या मागच्या टेकडीवर त्यांचं जुनं सभागृह आहे. ओंडक्यांची लांबट खोली, बुटकं दार, आत अंधार. ते मूळचं नदीच्या वरच्या अंगाच्या सेनेका गावातलं. मोडकळीला आलं होतं, लेचवर्थनं विकत घेऊन इथं आणून उभं केलं. १ ऑक्टोबर १८७२ला इथं सेनेका आणि संघातल्याच मोहॉक पुढाऱ्यांच्या नातवंडांनी आग पेटवून पुन्हा सभा भरवली. त्यात मेरी जेमिसनचा नातू थॉमस होता. माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोरही हजर होते. लेचवर्थनं घर वाचवलं, त्याचे उपकार आहेतच. पण ज्यांचं घर त्यांना स्वतःच्याच नदीकाठी पाहुणे म्हणून यावं लागलं, हे मला त्या दारात उभं राहिलं की दर वेळी टोचतं.

आता मेरी. तिचा जन्म १७४३ साली अमेरिकेकडे येणाऱ्या जहाजावर झाला. पेनसिल्व्हेनियात त्यांचं शेत होतं. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या लढाईच्या काळात शॉनी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचे योद्धे आणि फ्रेंच सैनिक यांनी घरावर हल्ला करून सगळ्यांना धरून नेलं. मेरी तेव्हा पंधराच्या आतबाहेर. जंगलात रात्र पडली तेव्हा एकानं तिचे बूट-मोजे काढले आणि पायात मऊ कातड्याचे मोकॅसिन घातले. तिच्या आईनं ते पाहिलं आणि ओळखलं, की ही पोर जगणार, आपण नाही. आईनं तिला सांगितलं, तुझं नाव विसरू नकोस, आमची नावं विसरू नकोस, इंग्रजी विसरू नकोस, प्रार्थना म्हणत जा. त्यानंतर आई-वडील आणि भावंडं मारली गेली. दोन मोठे भाऊ तेवढे आधीच निसटले होते.

पुढे तिला सेनेका बहिणींच्या हवाली केलं. लढाईत त्यांचा भाऊ गेला होता. त्यांनी तिचे फाटके कपडे नदीत सोडून दिले, तिला न्हाऊ घातलं, नवे कपडे चढवले. आधी भावासाठी आक्रोश केला आणि मग तिला बहीण म्हणून जवळ घेतलं. नाव ठेवलं देहगेवानस. आपण ज्याला दत्तक म्हणतो ते हेच, गेलेल्याची जागा भरणं. तिनं दोनदा लग्न केलं, दोन्ही सेनेकांत राहून. मुलं झाली. पुढे तिला परत जाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा तिनं जायला नकार दिला, कारण गोरे नातेवाईक आपल्या मुलांना तुच्छ लेखतील हे तिला ठाऊक होतं. म्हणून तुमचं "पळवून नेलं" हे खरं आहे, आणि "राहिली" हेही तितकंच खरं. नातवाला दोन्ही सांगा. एक लपवून दुसरं सांगायचं नाही.

१७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमानं जनरल सलिव्हनची फौज या खोऱ्यात आली. चाळीसेक गावं जाळली, उभा मका कापला, फळझाडं तोडली. सेनेकांच्या भाषेत वॉशिंग्टनचं नाव आजही 'गावं उद्ध्वस्त करणारा' अशा अर्थाचं आहे. मेरी मुलांना घेऊन, दोघांना पाठीवर बांधून, नदीकाठानं चालत गार्डो नावाच्या सखल जागी आली. ती जागा आज पार्काच्या हद्दीतच येते. तिथं गुलामगिरीतून पळालेले दोन काळे पुरुष राहत होते आणि त्यांचा मका उभा होता. तिनं त्यांची कणसं सोलायचं काम घेतलं. कणसांच्या वेण्या घालायच्या, आपण लसणाच्या घालतो तशा, आणि दर दहा वेण्यांमागे एक तिची. ती सोलत असायची तेव्हा त्यांतला एक जण भरलेली बंदूक घेऊन तिच्या शेजारी उभा राहायचा, तिला कुणी काही करू नये म्हणून. शंभर वेण्या तिच्या वाट्याला आल्या. त्या हिवाळ्यात पाच-पाच फूट बर्फ पडलं, हरणं मरून पडली, माणसं उपाशी मेली. तिची मुलं त्या मक्यावर जगली.

पुतळ्यात ती चालते आहे. पाठीवर पाळण्याच्या फळीला बांधलेलं बाळ, पायात मोकॅसिन. ओहायोच्या खोऱ्यातून ती थोरल्या मुलाला घेऊन शेकडो मैल चालत जेनेसीकाठी आली होती, तो प्रसंग आहे. हा पुतळा हेन्री कर्क बुश-ब्राउन यांचा, १९१०चा. नातवाला आधी चेहरा नका दाखवू, पाय दाखवा, आणि मोकॅसिनची गोष्ट तिथं उभं राहून सांगा. तिची समाधी तिथंच आहे. ती १८३३ साली बफेलोजवळ वारली, १८७४मध्ये तिचे अवशेष इथं आणले. शेजारी तिच्या मुलीचं लाकडी घरही आहे.

आणि नातवाला आजचे सेनेका भेटावेत असं वाटत असेल, तर रॉचेस्टरजवळ व्हिक्टर गावात गनोंडागन आहे. १६८७ साली फ्रेंचांच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेलं हे सेनेकांचं मोठं गाव. तिथं झाडाच्या सालीचं लांबघर जुन्या पद्धतीनं बांधलंय आणि सेनेकांचं कला-संस्कृती केंद्र आहे. माहिती सांगायला त्यांचीच माणसं असतात. मका, घेवडा आणि भोपळा या 'तीन बहिणी' एकाच आळ्यात कशा लावतात ते तिथं कळतं. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं खालची माती झाकून ठेवतात. शेत आणि पीक बायकांच्या ताब्यात, वंश आईकडून. तिन्ही पिकं आपल्याकडे अमेरिकेतूनच आली, आणि आपण घेवड्याची उसळ आणि भोपळ्याचे घारगे करताना ती आपलीच म्हणून करतो. मी त्यांच्या पांढऱ्या मक्याचं पीठ एकदा घरी आणलं. गरम पाण्यात मळून भाकरी थापली. कडा जरा चिरल्या, पण फुगली छान, आणि वासात भाजक्या कणसाचा गोडवा होता. नातवाला खायला घाला.

डिसेंबरच्या सुट्टीतच जमणार आहे. जाण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, बॉस्टन

आहे, पण दक्षिणेकडचा काही रस्ता आणि पोर्टेजव्हिलचं दार हिवाळ्यात बंद असतं. माउंट मॉरिसच्या दारानं आत या. आत जाण्याआधी तिथलं धरण बघा. १९५२ साली पूर्ण झालेलं, पुरापासून रॉचेस्टर वाचवायला बांधलेलं. एरवी त्याच्यामागे तलाव नसतो, भिंत कोरडी उभी असते. बहात्तरच्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरात मात्र ती काठोकाठ भरली होती. थंडी कडक पडली असेल तर ग्लेन आयरिससमोरच्या कारंज्याभोवती पाणी गोठत जाऊन बर्फाचा मोठा सुळका तयार होतो आणि त्याच्या टोकातून कारंजं उडत राहतं. ते जानेवारी-फेब्रुवारीत जास्त खात्रीनं दिसतं. बुटांना खिळ्यांच्या साखळ्या लावा, कठड्याजवळचं तुषारांचं पाणी गोठून काच झालेलं असतं. सूर्य साडेचारलाच मावळतो, तेव्हा तीनच्या आत परतीला लागा.